एनआर२००पी केस, ५६००जी आणि नागपूरचा उन्हाळा : कोणते ग्राफिक्स कार्ड घ्यावे?

वर्धारोड (धागाकर्ता)

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी मी रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मिनी-आयटीएक्स (लहान मापाचा) मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम आणि ५५० वॅटचा एसएफएक्स (छोट्या केससाठीचा) पॉवर सप्लाय घेऊन कूलर मास्टर एनआर२००पी या साधारण १८ लिटरच्या केसमध्ये संगणक जोडला होता. ग्राफिक्स कार्डासाठी तेव्हा पैसे उरले नव्हते, म्हणून ५६००जीच्या अंगच्या ग्राफिक्सवर भागवले आणि कार्ड पुढे घ्यायचे असे ठरवले. आता ४५ हजार रुपये बाजूला काढले आहेत, फार तर ५० पर्यंत ताणता येईल. मॉनिटर २७ इंची, २५६०×१४४० चा आहे. मुख्य उपयोग नवे खेळ खेळण्याचा. अधूनमधून माझा धाकटा भाऊ ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण तो त्याचा सराव आहे, पोटापाण्याचा व्यवसाय नाही.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत : एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी मेमरीचे, तेच कार्ड १६ जीबीचे, आणि एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी. दुकानदाराने तीन पंख्यांचे ८ जीबीचे कार्ड सुचवले आणि "लांबी ३०० मिमी आहे, तुमच्या केसमध्ये ३३० मिमी जागा आहे, बिनधास्त घ्या," असे सांगितले. माझी काळजी वेगळी आहे. माझ्या खोलीत एसी नाही, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आहे, आणि मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा खोलीतही ३६ ते ३८ अंश असतात. शिवाय केससोबत आलेली रायझर केबल (कार्ड मदरबोर्डापासून दूर लावू देणारी जोडतार) वापरून कार्ड काचेमागे उभे लावावे असा मोह होतो. घरी ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस आहे, तो पुरेल का हेही जाणकारांनी सांगावे.

मोजपट्टी

लांबीचा आकडा पाहून कार्ड घेण्याची चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी तेवढेच लिहितो. लहान केसमध्ये कार्ड बहुतेक वेळा लांबीमुळे अडत नाही. ते अडते जाडीमुळे आणि उंचीमुळे, आणि उंचीचा आकडा दुकानात कोणी विचारतही नाही. मदरबोर्डापासून बाजूच्या झाकणाकडे जे अंतर कार्ड व्यापते, त्याला मी येथे उंची म्हणतो आहे. मागच्या पट्टीच्या प्रमाणित मापाचे कार्ड साधारण १११ मिमी उंच असते, पण मोठा हीटसिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूचा भाग) बसवलेली कितीतरी कार्डे १२० ते १४० मिमीपर्यंत जातात, आणि वीजजोडणीचे तोंड बहुधा नेमके झाकणाच्या बाजूलाच असते. एनआर२००पीच्या माहितीपत्रकात १५६ मिमी लिहिले आहे, पण त्यात केबलही धरलेली आहे. माझे पहिले कार्ड १३८ मिमी उंच होते. ते बसले, पंखे फिरले, आणि झाकण लावताना ८ पिनच्या केबलचा फुगवटा काचेला आतून दाबू लागला. चार दिवस मी तसेच वापरले. पाचव्या दिवशी काच काढली तर कनेक्टर एका अंगाने किंचित बाहेर आलेला दिसला. ते कार्ड मी त्याच आठवड्यात विकले.

त्यामुळे माझी विनंती अशी की पैसे देण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावरून कार्डाची तिन्ही मापे उतरवून घ्या, त्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका कापा, आणि तो केसमध्ये प्रत्यक्ष ठेवून पाहा. कनेक्टरच्या जागी आणखी ३० ते ३५ मिमीचा तुकडा चिकटवा, कारण केबल सरळ बाहेर येते आणि मगच वळते. १६ पिनचा कनेक्टर असेल तर पहिल्या ३५ मिमीत केबल वाकवूच नये. अर्ध्या तासाचे काम आहे.

जाडीचे गणित त्याहून सोपे आहे. कार्डाची जाडी स्लॉटमध्ये, म्हणजे केसमागच्या खाचांच्या रुंदीत, मोजतात; एक स्लॉट म्हणजे २०.३२ मिमी, म्हणजे दोन स्लॉटचे कार्ड ४० मिमीच्या आसपास आणि तीन स्लॉटचे ६० च्या आसपास. तुमच्या केसमध्ये ६० मिमी बसते हे खरे, पण तळाशी १२० मिमीचे दोन पंखे लावायची सोय आहे, आणि उन्हाळ्यात तुम्हाला खरा आधार तेच पंखे देणार आहेत. दोन किंवा अडीच स्लॉटचे कार्ड घेतले तर त्या पंख्यांना जागा उरते. तीन स्लॉटचे घेतले तर १५ मिमी जाडीच्या बारीक पंख्यांवर समाधान मानावे लागते. एनव्हिडियाने जून २०२४ मध्ये लहान केससाठी मापाचे एक मानक जाहीर केले होते : लांबी ३०४ मिमी, केबलच्या वळणासह उंची १५१ मिमी आणि जाडी ५० मिमी. ते मानक मोठ्या कार्डांसाठी होते, तरी कोणतेही कार्ड तपासताना हे तीन आकडे हाताशी ठेवावेत, कारण ते तुमच्या केसला जवळपास जसेच्या तसे लागू पडतात.

काचेमागे उभे लावण्याबद्दल माझे मत स्पष्ट नकाराचे आहे. उभ्या कार्डाचे पंखे काचेकडे तोंड करून असतात आणि त्यांना हवा ओढायला जागा राहत नाही. आडवे लावा आणि बाजूला काचेऐवजी जाळीचे झाकण ठेवा.

कोथरूड_आयटीएक्स

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मात्र या धाग्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून कोणी बोललेले नाही, आणि ती म्हणजे ५६००जी. तुमच्या मदरबोर्डाच्या खोक्यावर पीसीआय एक्सप्रेस ४.० (कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या वाटेची पिढी) असे ठळक छापलेले असेल, परंतु मदरबोर्डावर कार्ड ज्यात बसते त्या स्लॉटचा वेग प्रोसेसर ठरवतो, आणि ५६००जी फक्त ३.० देतो. साधा ५६०० असता तर ४.० मिळाले असते. नावात एका अक्षराचा फरक दिसतो, आतली चिप मात्र वेगळी आहे, आणि तिची एल३ कॅशही (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे.

आता दुसरा धागा जोडून पाहा. आरटीएक्स ५०६० टीआय, ८ जीबीचे असो वा १६ जीबीचे, केवळ ८ लेनचे (त्या वाटेवरच्या समांतर मार्गिकांचे) कार्ड आहे. आरएक्स ९०६० एक्सटी मात्र १६ लेनचे आहे. नव्या ५.० मदरबोर्डावर ८ लेनसुद्धा पुरून उरतात, त्यामुळे परीक्षणांमध्ये हा फरक सहसा दिसत नाही. तुमच्याकडे ३.० च्या ८ लेन म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबी, तर १६ लेन म्हणजे सुमारे १६ जीबी. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत सगळे मावत असेल तोपर्यंत या आकड्यांनी फार बिघडत नाही. ५०६० टीआयची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने चालते आणि ९०६० एक्सटीची ३२० जीबी. पण १४४० च्या रेझोल्यूशनवर उच्च दर्जाचे टेक्स्चर लावले आणि ८ जीबी अपुरे पडले, की उरलेला माल संगणकाच्या रॅममधून त्या सेकंदाला ८ जीबीच्या चिंचोळ्या वाटेने ये-जा करू लागतो. ४४८ च्या रस्त्यावरून एकदम ८ च्या बोळात! त्या वेळी सरासरी फ्रेम फारशा घसरलेल्या दिसत नाहीत, पण मान वळवली की चित्र अडखळते, आणि तो अडखळा कोणत्याही सेटिंगने जात नाही. म्हणून तुमच्या प्रोसेसरसोबत ८ जीबीचे कार्ड घेऊ नका, हे मी शक्य तितक्या ठामपणे सांगतो. दुकानदाराचा सल्ला एखाद्या नव्या मशीनवर कदाचित चालून गेला असता. तुमच्या मशीनवर तो चालणार नाही.

उरलेल्या दोघांपैकी मी ९०६० एक्सटी निवडीन. १६ जीबी मेमरी, १६ लेन आणि सुमारे १६० वॅट, हा मेळ तुमच्या केसला आणि पॉवर सप्लायला शोभतो. ५०६० टीआयची मर्यादा १८० वॅट आहे.

कार्ड बसवल्यावर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून बस इंटरफेसची ओळ जरूर पाहा. कार्ड रिकामे बसलेले असताना तेथे १.१ असे दिसते आणि माणूस घाबरतो. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून चाचणी चालवली की खरा वेग कळतो. तुमच्याकडे १६ लेन, ३.० असे दिसले की सारे ठीक.

अकोला_३डी

मी विदर्भातलाच असल्यामुळे उन्हाळ्याबद्दल अनुभवाने लिहू शकतो. परदेशी परीक्षणांत खोलीचे तापमान साधारण २० ते २२ अंश असते. तेथे एखादे कार्ड ६८ अंशांवर राहिले, तर त्याचा अर्थ ते खोलीपेक्षा ४६ ते ४८ अंश वर गेले एवढाच होतो. हा वरचा फरक आपल्याकडेही जवळपास तेवढाच राहतो, फक्त पाया वर सरकतो. तुमच्या ३८ अंशांच्या खोलीत तेच कार्ड ८५ च्या घरात पोहोचेल आणि पंखे पूर्ण वेगाने ओरडू लागतील. त्यामुळे आपण तापमानाचे आकडे न पाहता वॅट पाहावेत. कार्ड जितके वॅट खाते तितकी उष्णता त्या १८ लिटरच्या पेटीत आणि पुढे आपल्या खोलीत येते, आणि कार्डावरचा कोणताही कूलर तिच्यापासून सुटका करू शकत नाही.

माझ्याकडे ११ लिटरच्या केसमध्ये आरटीएक्स ४०७० आहे. त्याची मर्यादा २०० वॅट. एप्रिल लागला की मी पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून ठेवतो, म्हणजे १६० वॅट, आणि दसऱ्यापर्यंत तसेच राहू देतो. माझ्या खेळांमध्ये फ्रेम शंभराच्या जागी पंच्याण्णव मिळतात, पण पंख्यांचा आवाज निम्मा वाटतो. ९०६० एक्सटीलाही एएमडीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट आणि व्होल्टेज दोन्ही कमी करता येतात. व्होल्टेज हळूहळू उतरवा, प्रत्येक पायरीला एखादा जड खेळ तासभर चालवून पाहा, आणि तो बंद पडला तर एक पायरी मागे या.

खोलीतल्या कूलरबद्दल एक कळकळीची सूचना. त्याची हवा थेट केसवर येऊ देऊ नका. ओलसर हवेत धूळ चिकट होते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये लापशीसारखी बसते, जी नंतर ब्लोअरनेही निघत नाही. मी एका मित्राचे कार्ड उघडले होते, त्यात पंख्याखाली राखाडी नमद्यासारखा थर होता आणि तो चिमट्याने एकसंध उचलला गेला. केस कूलरच्या झोतापासून बाजूला, पण खिडकी उघडी राहील अशा ठिकाणी ठेवा, आणि तळाच्या पंख्यांची जाळी दर पंधरवड्याला ब्रशने झाडा.

ब्लेंडरच्या मुद्द्यावर मात्र माझा कोथरूडकरांशी मतभेद आहे. तुमचा भाऊ सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनवर (मॉडेलपासून अंतिम चित्र बनवणाऱ्या) काम करत असेल, तर एनव्हिडियाचे ऑप्टिक्स हे रेंडरचे तंत्र आजही पुढे आहे, आणि रेंडर चालू असताना दृश्य एकदा कार्डाच्या मेमरीत गेले की ८ लेनने फरक पडत नाही. तो पुढे याच क्षेत्रात जाणार असेल, तर ५०६० टीआय १६ जीबीचा विचार गांभीर्याने करावा. तो निव्वळ सराव असेल, तर नको.

कोथरूड_आयटीएक्स

ब्लेंडरचा मुद्दा मान्य आहे, मी तो नजरेआड केला होता. यूपीएसबद्दलही राहून गेले. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतच भार उचलतो. कार्ड १६०, ५६००जी पूर्ण ताणात ८८, आणि बाकीचा संगणक व मॉनिटर धरून ८० ते ९० असा हिशेब केला, तर तुम्ही ३३० च्या आसपास जाता, आणि कार्डाचे क्षणिक उसळे त्याहून वर असतात. वीज गेली त्याच क्षणी यूपीएसने हात टेकले, तर तो असून नसल्यासारखा. १००० व्हीएचा घ्या, किंवा निदान खेळताना मॉनिटर त्यावरून काढा. ५५० वॅटचा पॉवर सप्लाय मात्र पुरेसा आहे, तो बदलू नका.

वर्धारोड (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ५६००जीच्या ३.० ची गोष्ट मला ठाऊकच नव्हती. मदरबोर्डाचे खोके पुन्हा काढून पाहिले, तर तळाशी बारीक अक्षरांत प्रोसेसरनुसार वेगाचा तक्ता छापलेला होता आणि तो मी दोन वर्षांत एकदाही वाचला नव्हता.

काल रात्री मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दोन नमुने केले. तीन पंख्यांच्या कार्डाचा नमुना लांबीला सहज बसला, पण कनेक्टरचा ३५ मिमीचा तुकडा लावल्यावर झाकण एका कोपऱ्यात ६ ते ७ मिमी उघडे राहिले. दोन पंख्यांच्या, सव्वादोन स्लॉटच्या ९०६० एक्सटीचा नमुना झाकणापासून बोटभर अंतर राखून बसला आणि खाली २५ मिमीचे पंखेही मावले. भावाशी बोललो. त्याला अजून वर्षभर तरी मॉडेलिंगच शिकायचे आहे, रेंडरची घाई नाही. त्यामुळे ९०६० एक्सटी १६ जीबी नक्की केले आहे, रायझर केबल खोक्यातच राहील, आणि वाचलेल्या पैशांत तळाचे दोन पंखे व १००० व्हीएचा यूपीएस बसतो का ते पाहतो.

एक शंका उरली आहे : पुढे ५७००एक्स घेतला तर या मदरबोर्डावर स्लॉट आपोआप ४.० होईल का?

मोजपट्टी

होय. प्रोसेसर बदलण्याआधी जुना ५६००जी जागेवर असतानाच बायोस (मदरबोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्या, आणि नंतर बायोसमध्ये स्लॉटचा वेग ऑटोवर आहे ना ते तपासा. ५७००एक्सला अंगचे ग्राफिक्स नाही, तेव्हा मॉनिटरची केबल त्या दिवशी कार्डालाच जोडलेली असू द्या. आणि कार्डाचे जीएसटी बिल व खोक्यावरील सिरीयल नंबरचे लेबल यांचे फोटो घेताच काढून ठेवा. वॉरंटीच्या वेळी प्रथम तेच मागतात.