मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स, 'बी' (सर्वसाधारण इमारत बांधकाम) की 'बी-२' (राहत्या घरांचं नूतनीकरण)?

नमस्कार मंडळी. इथे कोणी राज्याच्या कॉन्ट्रॅक्टर बोर्डाकडून लायसन्स काढलंय का?

माझं काम मुख्यतः जुन्या घरांचं: किचन, बाथरूम, टाइल्स, ड्रायवॉल, रंग. त्यासाठी 'बी-२' पुरेल असं वाटतं, पण त्यात भार पेलणाऱ्या भिंतीला हात लावता येत नाही. आणि गिऱ्हाईक हटकून म्हणतं, 'ही मधली भिंत काढून किचन मोकळं करा ना!' म्हणून 'बी'कडे ओढा आहे.

खरी अडचण अनुभवाच्या दाखल्याची. मागच्या १० वर्षांत ४ वर्षांचं कारागीर दर्जाचं काम दाखवावं लागतं. ज्यांच्याकडे सर्वात जास्त काम केलं ते धंदा बंद करून गेले, फोनही लागत नाही. सोबतच्या फोरमनची सही चालते असं फॉर्मवरून दिसतं. बोर्डाने उलटतपासणी केली तर पुरावा म्हणून तुम्ही काय दिलंत? पगाराच्या पावत्या, टॅक्सचे कागद, की परमिटच्या प्रती?

भारतातला सिव्हिल डिप्लोमा या अनुभवाच्या वर्षांत कुणाला धरून मिळालाय का?

परीक्षेचं बघून घेईन, तरी कायदा आणि व्यवसायाचा पेपर ट्रेडच्या (प्रत्यक्ष कामाच्या) पेपरपेक्षा अवघड जातो का तेही सांगा. लायसन्ससाठी लागणाऱ्या २५,००० डॉलरच्या बाँडचा (हमीपत्राचा) हप्ता नवख्याला साधारण किती बसतो?