महापेच्या गाळ्यात स्वतःचं डेटा सेंटर: आज १२ रॅक, उद्या ६०? कन्सल्टंटचं डिझाइन पटत नाहीये

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या एका कंपनीत आयटी बघतो. आम्ही सहकारी बँका आणि पतपेढ्यांना सॉफ्टवेअर पुरवतो. सर्व्हर सध्या वागळे इस्टेटच्या ऑफिसातल्याच एका खोलीत आहेत. वर स्प्लिट एसी, खाली पावसाळ्यात बादली. आता मालकांनी महापे एमआयडीसीत तळमजला अधिक एक असा गाळा घेतलाय आणि तिथे त्यांना स्वतःचं डेटा सेंटर हवंय. सुरुवातीला १२ रॅक (सर्व्हरची कपाटं), रॅकमागे ५ किलोवॅट, म्हणजे ६० किलोवॅट. पाच वर्षांत ६० रॅक होतील असं मालक म्हणतात. मला ४० सुद्धा जड वाटतात.

कन्सल्टंटने सुचवलंय: १२० टनांचे (वजन नव्हे, थंड करण्याची क्षमता) दोन वॉटर-कूल्ड चिलर, म्हणजे पाणी गार करणारी यंत्रं, त्यांची उष्णता बाहेर टाकणारा कूलिंग टॉवर, ५०० केव्हीएचे दोन यूपीएस, सगळं पहिल्याच दिवशी. "नंतर तोडफोड नको" हा त्याचा मुद्दा. पीयूई (एकूण वीज आणि सर्व्हरची वीज यांचं गुणोत्तर) १.४ लिहिलाय. हिवाळ्यात बाहेरची हवा आत घेतली की कूलिंग फुकट, असंही एक गुळगुळीत पान जोडलंय. आणि दोन फीडर (बाहेरून येणाऱ्या विजेच्या लाइन) घेतले की डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, एकच पुरे म्हणतो.

माझा प्रांत सर्व्हर आणि नेटवर्क, इलेक्ट्रिकलमध्ये बोंब. पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे. त्याला नेमकं काय विचारू?

केबलट्रेंच

ठाणे-बेलापूर रोडच्या प्लांटरूममध्ये केस पांढरे झालेत, त्यामुळे लांबण लागणार. चहा घेऊन बसा.

पहिला प्रश्न हा विचारा: १.४ कितव्या टक्के लोडला? पीयूई म्हणजे आवारात आलेली एकूण वीज भागिले सर्व्हरपर्यंत पोचलेली वीज. कागदावरचा आकडा बहुतेक वेळा पूर्ण लोडचा असतो, आणि तुमचा पूर्ण लोड पाच वर्षांनी येणार, आला तर. २५, ५० आणि ७५ टक्क्यांचे आकडे लेखी मागा, तेही मे आणि जुलैच्या हवेसाठी वेगवेगळे. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होईल.

आता हिशेब बघा. ६० किलोवॅट दोन यूपीएसवर वाटला की प्रत्येकावर ३०. पाचशेच्या मशीनवर तीस म्हणजे सहा टक्के! यूपीएस साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात खूश असतो. वीसच्या खाली कार्यक्षमता उतरते, कारण आतले फॅन आणि कंट्रोलचे तोटे लोड असो-नसो चालूच असतात. शिवाय इतक्या हलक्या लोडवर इनपुट फिल्टरच्या कपॅसिटरमुळे पॉवर फॅक्टर लीडिंगला जातो, म्हणजे करंट व्होल्टेजच्या पुढे धावतो (मागे राहिला तर लॅग). महावितरणचं एचटी (उच्च दाबाचं) बिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून आहे, लॅग असो की लीड, पैसे मोजावेच लागतात. वर डीजीचा व्होल्टेज रेग्युलेटरही लीडिंग लोडवर चाळे करतो. त्यापेक्षा यूपीएसची मोठी फ्रेम (चौकट) घ्या आणि आत ५०-५० किलोवॅटचे मॉड्यूल, लागतील तेवढेच, बसवा.

चिलरचं याहून वाईट. ६० किलोवॅट म्हणजे सुमारे १७ टन. १२० टनांचा स्क्रू चिलर इतका खाली अनलोड होतच नाही, म्हणजे इतक्या कमी क्षमतेवर चालूच शकत नाही. तो सारखा चालू-बंद, चालू-बंद करणार आणि काँप्रेसरचं आयुष्य खाणार. समजा यातून पीयूई १.४ ऐवजी २.२ आला, तर ४८ किलोवॅट जास्तीचे, वर्षाला जवळपास ४ लाख २० हजार युनिट. दहा रुपयाने धरा आणि मालकांना सांगा. मालकांना टक्के कळत नाहीत, बेचाळीस लाख कळतात.

पण तोडफोडीचा मुद्दा खोटा नाही, फक्त चुकीच्या जागी लावलाय. मशीन नंतर येतं, भिंत आणि स्लॅब नंतर येत नाहीत. म्हणून ६० रॅकचा विचार करायचा तो स्लॅब, प्लिंथ, छताची उंची, केबलचा मार्ग, ट्रान्सफॉर्मरची जागा आणि पाइपच्या व्यासात. पाण्याचा हेडर (मुख्य पाइप) आजच मोठा टाका, पुढच्या मशीनसाठी व्हॉल्व्हसकट फाटे काढून ब्लाइंड फ्लँज (बंद झाकणं) लावून ठेवा. चालू प्लांटमध्ये पाइप कापून टी जोडण्याची वेळ कुणावर येऊ नये.

स्लॅबचं नीट बघा. भरलेला रॅक टनापर्यंत जातो, बॅटरी बँक त्याहून वाईट, आणि जुन्या गाळ्यांचे पहिले मजले कुठल्या लोडला बांधलेत ते नकाशा काढल्याशिवाय कळत नाही. बॅटऱ्या तळमजल्यावर, पण प्लिंथ उचलून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. त्या दिवशी रस्त्यावरचं पाणी कुठपर्यंत आलं होतं हे शेजारच्या गाळ्यातल्या जुन्या वॉचमनला विचारा.

आता ते फुकटच्या हवेचं पान. कुठल्यातरी थंड, कोरड्या देशातलं आहे, फाडून टाका. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश ही अॅश्रेची (अमेरिकेतली एसीवाल्या इंजिनिअरांची संस्था) शिफारस, दवबिंदू १५ अंशांपर्यंत. आपल्याकडे पावसाळाभर बाहेरचा दवबिंदूच २४-२५ असतो. ती हवा कोरडी करायला जी वीज जाईल त्यात फुकट काय राहिलं? आणि जानेवारीत तापमान जमलं तरी हवा कुठली? एकीकडे खाडी, दुसरीकडे केमिकलवाले. ओहोटीला चिखलाचा तो सडक्या अंड्यांचा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइड, आणि त्याला चांदी-तांबं फार आवडतं. याच पट्ट्यातल्या एका साइटवर फ्रेश एअरच्या फॅनला केमिकल फिल्टर नव्हता. रिले काढून पाहिला तर कॉन्टॅक्ट काजळ घातल्यासारखे काळे, आणि त्यापायी पॅनल अधूनमधून दगा देत होतं. तांब्या-चांदीच्या पट्ट्या, म्हणजे कूपन, महिनाभर टांगून लॅबला पाठवतात. आयएसएच्या ७१.०४ मानकाप्रमाणे महिन्याला तांब्यावर ३०० आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमच्या (मिलिमीटरचा कोटीवा भाग) आत गंजाचा थर हवा. ताजी हवा माणसांपुरती आणि खोलीत थोडा दाब ठेवण्यापुरती घ्या, तीही फिल्टरमधून.

फीडरचं एका वाक्यात: दोन्ही फीडर वर जर कळव्याच्या सबस्टेशनलाच जाऊन मिळत असतील तर ते दोन नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? कळवा-पडघा लाइन गेल्या आणि मुंबई-ठाणे-नवी मुंबई एकदम अंधारात. डीजी दोन.

कोपरीकरीण

केबलट्रेंच काकांनी पाण्याचा मुद्दा सोडला, तो मी घेते. मी रबाळ्याला ऑपरेशन्समध्ये आहे.

कूलिंग टॉवर एक युनिट उष्णता बाहेर टाकायला साधारण दीड लिटर पाणी उडवतो. ३०० किलोवॅटला दिवसाचे १०,८०० लिटर, ब्लोडाउन (क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी) वेगळा. म्हणजे रोज एक मोठा टँकर. एमआयडीसीची लाइन दुरुस्तीला बंद झाली की तुम्ही टँकरवाल्याच्या दारात. तुमच्या आकाराला एअर-कूल्डच बरं, वीज थोडी जास्त जाते ती जाऊ दे. टॉवर हवाच असेल तर प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळतं का ते आधी बघा.

दुसरं, सगळ्यात स्वस्त वीजबचत चिलरमध्ये नसते, रॅकमध्ये असते. आमच्याकडे एका रॅकचे वरचे सर्व्हर सारखे तापायचे, व्हेंडर नवीन एसीचं कोटेशन घेऊन हजर. मी टिश्यूपेपरची पट्टी धरून फिरले. रिकाम्या जागेसमोर पट्टी उलटी, आपल्याच तोंडावर येत होती. मागची गरम हवा रॅकमधूनच पुढे! रिकाम्या जागा झाकणारे ब्लँकिंग पॅनल लावले, फ्लोअरच्या केबलभोकांना ब्रश लावले, एसी घ्यावा लागला नाही. कंटेनमेंट, म्हणजे गार आणि गरम हवा आडोसा घालून वेगळी ठेवणं, पहिल्या १२ रॅकपासून करा. त्यानंतर फॅनचा वेग कमी करता येतो, आणि ८० टक्के वेगाला फॅन जवळजवळ अर्धीच वीज खातो.

घोडबंदरकर

ताई, काका, दोघांचेही आभार. बेचाळीस लाखांचा आकडा आजच मालकांच्या कानावर घातला, मीटिंगला ते स्वतः येणार म्हणाले. दोन शंका. करारभार (वीज कंपनीकडून मंजूर करून घ्यायची कमाल मागणी) आत्ताच ५०० केव्हीए घ्यावा का? आणि पुढे एआयवाले रॅक आले तर हे सगळं मोडीत निघेल का?

केबलट्रेंच

करारभार टप्प्याने वाढवा. वापर असो-नसो, डिमांड चार्जची एक किमान पातळी करारभारावर ठरते. मात्र ट्रान्सफॉर्मर आणि केबलची जागा पूर्ण धरून अर्ज करा. १०० किलोवॅटच्या वर गेलात की २०२२ च्या नियमांनी हरित ऊर्जेचं ओपन अॅक्सेस (दुसऱ्या उत्पादकाकडून थेट वीज घेण्याची मुभा) मिळतं, तेव्हा सौरऊर्जेच्या कराराचं बोलू. त्या गाळ्याच्या गच्चीवर पॅनल टाकून डेटा सेंटर चालेल असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

एआयचं खरं सांगू? त्यातले मोठे रॅक एकेकटे शंभर किलोवॅटच्या वर जातात, तुमचा अख्खा पहिला टप्पा एका रॅकात. ते हवेने थंड होत नाहीत, द्रव थेट चिपपर्यंत न्यावा लागतो. पतपेढीच्या लेजरला ते लागणार नाही. तळमजल्याचा एक कोपरा पाण्याच्या फाट्यासकट मोकळा ठेवा, पैसा घालू नका. आणि जमलं तर मालकांसमोर भाड्याच्या रॅकचंही कोटेशन ठेवा. ऐरोली-महापे पट्टा डेटा सेंटरांनी भरलाय, १२ रॅकला मी स्वतः तेच केलं असतं. पण गाळा घेऊन बसलेत म्हटल्यावर ऐकतील असं वाटत नाही.

बाकी प्रत्येक यूपीएसच्या आउटपुटला आणि कूलिंगच्या फीडरला वेगळे एनर्जी मीटर टेंडरमध्येच लिहा, नाहीतर वर्षभराने पीयूई कुणाच्या अंदाजाने मोजणार? कूपन मात्र याच आठवड्यात टांगा, गाळा रिकामा आहे तोवर. महिना तर टांगूनच ठेवावे लागतात, आणि लॅबवाले वेळ लावतात तो वेगळा.