'नेट गेलंय' म्हणजे नेमकं काय गेलंय?

विचारणा

कार्यालयातल्या नेटवर्कबद्दलच्या तक्रारी ठरावीक शब्दांतच येतात. 'नेट गेलंय', 'नेट स्लो चालतंय', 'सर्व्हर डाउन आहे', 'राउटर रिसेट करून बघा', 'स्विच बंद दिसतोय'. बोलणाऱ्याला एवढंच सांगायचं असतं की काम अडलंय. ऐकणाऱ्याला मात्र त्या शब्दावरूनच ठरवायचं असतं की आधी केबल बघायची, डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) बघायचा, की इंटरनेट सेवा पुरवणाऱ्याला फोन लावायचा. या शब्दांचे नेमके अर्थ काय धरावेत आणि तक्रार नोंदवताना ते कसे वापरावेत? नवे प्रतिशब्द घडवायचे नाहीत. तोंडी रुळलेले आहेत तेच नीट वापरायचे आहेत.

प्रतिसाद

'नेट गेलंय'पासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. 'नेट' म्हणताना तीन गोष्टी एकत्र होतात: आपल्या यंत्रापासून स्विचपर्यंतची (अनेक यंत्रांच्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीपर्यंतची) जोडणी, कार्यालयाचं आतलं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट. यातलं काय गेलंय ते लगेच कळतं, फक्त आतून बाहेर या क्रमानं जायला हवं.

आधी केबल खोचतो तिथला दिवा बघावा. तो लागलेलाच नसेल तर तक्रारीत 'लिंक नाही' असं लिहावं, 'नेट' हा शब्दच नको. दिवा आहे, तर आयपीकॉन्फिग ही विंडोजची आज्ञा चालवून यंत्राचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, बघावा. मग गेटवेला, म्हणजे नेटवर्कमधून बाहेर जायच्या दाराला (बहुधा राउटरला), पिंग करावं, म्हणजे 'आहेस का' असा निरोप पाठवून उत्तर येतं का बघावं, मग बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ला, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाला नावानं. आकडी पत्ता उत्तर देतो पण नावानं काही उघडत नाही, तर गेलंय ते डीएनएस, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सेवा. गेटवे उत्तर देतो पण त्यापुढे काहीच नाही, तेव्हाच 'इंटरनेट गेलंय' हे शब्द खरे ठरतात.

पुरवणी

वरच्या क्रमात एक सावधगिरी हवी. बऱ्याच फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा तपासून अडवणाऱ्या यंत्रणा) पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. त्यामुळे उत्तर आलं तर वाट मोकळी आहे हे नक्की, पण उत्तर आलं नाही म्हणून वाट बंदच आहे असं नाही.

विंडोजच्या खालच्या पट्टीत दिसणाऱ्या 'नो इंटरनेट'लाही तीच मर्यादा आहे. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या पत्त्यावरून एक ठरलेली छोटी फाइल मागवून बघतं आणि ती मिळाली नाही की हा शेरा देतं. फायरवॉलनं किंवा प्रॉक्सीनं (मधल्या मध्यस्थ सर्व्हरनं) नेमका तो पत्ता अडवला असेल, तर सगळं सुरळीत चालू असतानाही 'नो इंटरनेट' दिसत राहतं. तेवढं बघून 'नेट गेलं' म्हणू नये.

प्रतिप्रश्न

१६९.२५४नं सुरू होणारा पत्ता दिसला की तक्रारीत 'चुकीचा आयपी आलाय' असं लिहितात. हा प्रयोग बरोबर म्हणायचा का?

प्रतिसाद

नाही. 'आला' म्हटलं की कोणीतरी दिला असा अर्थ होतो. हा पत्ता कोणीच दिलेला नसतो. डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही म्हणून यंत्रानं तो स्वतःच घेतलेला असतो. म्हणून 'आयपी मिळाला नाही' असं लिहावं. शोध थेट डीएचसीपीकडे वळतो. 'चुकीचा आयपी आला' हे शब्द खऱ्या अर्थानं लागू पडतात ते वेगळ्याच प्रसंगी: कार्यालयाच्या पत्त्यांची मालिका १९२.१६८.१० असताना एखाद्या यंत्राला १९२.१६८.० मधला पत्ता मिळतो तेव्हा. त्याचं नेहमीचं कारण म्हणजे कोणीतरी घरगुती वायफाय राउटर आणून भिंतीवरच्या पॉइंटला जोडलेला असतो, तोही लॅनच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कसाठीच्या, खाचेतून, आणि तो राउटर आजूबाजूला पत्ते वाटत सुटतो. दोन्ही तक्रारी ऐकायला सारख्या आहेत, पण एकीत डीएचसीपी गप्प आहे आणि दुसरीत डीएचसीपी दोन झालेत.

आयपी न मिळण्याचं आणखी एक कारण फार वेळा नजरेतून सुटतं: पत्ते संपणं. २५४ पत्त्यांची मालिका आणि एकदा दिलेला पत्ता राखून ठेवण्याची विंडोज सर्व्हरवरची ८ दिवसांची मूळ मुदत असेल, तर पाहुण्यांचे फोन येऊन गेले तरी त्यांचे पत्ते आठवडाभर अडकून राहतात. वायफायसाठी मुदत काही तासांवर आणली की हा त्रास थांबतो.

प्रतिसाद

'स्लो' या शब्दाबद्दल लिहितो. त्यात किमान तीन वेगळी दुखणी लपलेली असतात, आणि बोलीत त्यांना आधीपासून शब्द आहेत, फक्त ते तक्रारीत उतरत नाहीत.

फाइल उतरायला वेळ लागतो, पण पान चटकन उघडतं: इथे 'वेग कमी' म्हणावं. बँडविड्थ (लाइनची वाहून नेण्याची क्षमता) अपुरी आहे किंवा कोणीतरी ती खातंय. क्लिक केल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग सगळं एकदम येतं: हा 'उशीर', म्हणजे लॅटन्सी. आणि बोलणं सुरू असताना शब्द गळतात: याला 'आवाज तुटतोय' म्हणतात. त्यामागे पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) गळणं असतं किंवा ती अनियमित अंतरानं पोचणं, म्हणजे जिटर.

'आवाज तुटतोय' आणि 'आवाज उशिरा येतोय' यांत गल्लत करू नये. उशीर एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषणात जाणवत नाही, अशी दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय मानकातली मर्यादा आहे. त्यापुढे जसजसा उशीर वाढतो तसतसे लोक एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात, पण आवाज स्वच्छच असतो. तुटण्याचा उपाय वेगळा, उशिराचा वेगळा.

एक प्रकार मात्र तिन्ही शब्दांना चकवतो. कोणीतरी मोठी फाइल वर चढवत असतं आणि तेवढ्या वेळात सगळ्यांच्या पिंगला उत्तर यायचा वेळ २० मिलिसेकंदांवरून कित्येक शे मिलिसेकंदांवर जातो. राउटर पॅकेट टाकून न देता रांगेत साठवत राहतो, म्हणून हे होतं. गळती शून्य आणि चाचणीत वेगही पूर्ण दिसतो, तरी सगळे 'स्लो' म्हणतात. राउटरवर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या साधारण ९० टक्के ठेवली आणि रांगेचं नियोजन चालू केलं की फरक लगेच दिसतो. तक्रारीत 'स्लो'सोबत 'कधी' एवढं जरी लिहिलं तरी हे पकडता येतं.

प्रतिप्रश्न

'१०० ची लाइन आहे, पण वेग ११च मिळतो' ही तक्रारही 'स्लो'मध्येच धरायची का?

प्रतिसाद

ती तक्रारच नाही, एककाची गफलत आहे. लाइनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल उतरताना आकडा दिसतो तो मेगाबाइटचा. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० ला ८ नं भागून १२.५, आणि पॅकेटवरचे पत्ते वगैरे वजा जाता ११ ते १२. ही लाइन पूर्ण वेगानं चालली आहे.

पण हाच ११ चा आकडा कार्यालयातल्या कार्यालयात, फाइल सर्व्हरवरून उतरवताना दिसला आणि स्विच गिगाबिटचा (१००० मेगाबिटचा) असला, तर तो दोष आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच: जॅकमधल्या १-२ आणि ३-६ या क्रमांकांच्या जागांवरच्या. बाकीच्या दोन जोड्यांतली एखादी तार सुटली तरी वेगाची बोलणी १-२ आणि ३-६वरच होत असल्यानं दोन्ही टोकं आधी गिगाबिटवर राजी होतात, जोडणी जमत नाही, आणि मग बरीच नेटवर्क कार्डं आपण होऊन १०० वर उतरतात. जी उतरत नाहीत त्यांचा दिवा लागतो-विझतो. 'नेट येतंय-जातंय' या तक्रारीमागे हे असू शकतं, म्हणून लिंकचा वेग नेहमी बघावा.

प्रतिसाद

केबलचा विषय निघालाच आहे तर 'केबल टेस्ट केली' या प्रयोगाचाही अर्थ ठरवायला हवा. आठ दिव्यांच्या साध्या टेस्टरवर दिवे क्रमानं लागले, की केबल चांगली असं मानतात. तो टेस्टर फक्त एवढंच सांगतो की या टोकाची १ नंबरची तार त्या टोकाला १ वर निघते. तारा कोणत्या जोडीत पिळलेल्या आहेत हे त्याला कळत नाही.

नेहमीची चूक अशी: रंग 'दिसायला नीट' लावायचे म्हणून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम दोन्ही टोकांना लावतात. टेस्टर पास म्हणतो. पण ३ आणि ६ वर आता दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा गेल्या. एकाच पिळातल्या दोन तारांतून उलटसुलट सिग्नल गेला तरच बाहेरचा गोंधळ रद्द होतो. इथे तो होत नाही. छोट्या केबलवर कदाचित काम भागतं, लांबीवर त्रुटी वाढतात, लिंक पडते. रंग लावायच्या ठरलेल्या पद्धतींपैकी बी पद्धतीचा बरोबर क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी मधे, हिरवी तिच्या दोन्ही बाजूंना. पीळही टोकाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये आणि बाहेरचं आवरण जॅकच्या आत जाऊन दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ तारांवर येते.

म्हणून साध्या टेस्टरनं बघितलं असेल तर 'तारा जुळल्या' म्हणावं. 'केबल टेस्ट केली' हे शब्द क्रॉसटॉक (एका जोडीतला सिग्नल दुसरीत झिरपणं) आणि लांबी मोजणाऱ्या यंत्रासाठी राखून ठेवावेत.

प्रतिसाद

माझ्या मते या सगळ्यात धोक्याचा शब्द 'रिसेट' आहे. बाकीच्या शब्दांनी वेळ जातो, हा शब्द कार्यालय बंद पाडू शकतो. 'राउटर रिसेट करा' म्हणताना दहापैकी दहा वेळा म्हणायचं असतं 'बंद करून चालू करा'. पण राउटरच्या मागे 'रिसेट' असंच लिहिलेलं बारीक छिद्र असतं. ऐकणारा टाचणी घालून दहा-एक सेकंद दाबून धरतो आणि सेवा पुरवणाऱ्याचं युजरनेम-पासवर्ड, स्थिर आयपी, पोर्टच्या वाटा, व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग), वायफायची नावं, सगळं पुसलं जातं. फोनवरून सांगताना हा शब्द पूर्ण टाळावा. 'वायर काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा' असं सांगावं.

आणि बंद करून चालू करण्याआधीही लॉग, म्हणजे राउटरनं ठेवलेली घडामोडींची नोंद, उतरवून घ्यावा. बहुतेक छोट्या राउटरांचा लॉग मेमरीतच असतो. वीज काढली की दोषाचा पुरावाही जातो.

पुरवणी

त्याच रांगेत 'स्विच'. 'स्विच बंद कर' म्हटल्यावर विजेच्या बोर्डाकडे हात जातो, हे मराठीत अगदी स्वाभाविक आहे. 'लाइन गेली'चंही तसंच: वीज, फोन की इंटरनेट? 'पोर्ट बंद आहे' हे तर नेटवर्कवाल्यांतही दोन अर्थांनी चालतं: स्विचवरची खाच आणि ४४३ सारखा सेवेचा क्रमांक. पहिल्याला 'खाच' किंवा 'फिजिकल पोर्ट', दुसऱ्याला 'पोर्ट नंबर' म्हणावं, म्हणजे फायरवॉलवाला केबल शोधत बसणार नाही.

प्रतिसाद

'सर्व्हर डाउन' राहिलं. पडद्यावर ४०४ दिसला तर सर्व्हर डाउन नाहीच. त्यानंच उत्तर दिलंय की मागितलेलं पान इथे नाही. ५०२ किंवा ५०४ म्हणजे पुढचा मध्यस्थ जागा आहे, मागच्याकडून त्याला धड उत्तर मिळत नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे यंत्र बहुधा चालू आहे, त्यावरची सेवा बंद आहे. 'टाइम्ड आउट' म्हणजे कोणीच बोललं नाही: यंत्र बंद असेल, वाट तुटली असेल, नाहीतर फायरवॉल गुपचूप पॅकेट टाकून देत असेल. यातलं फक्त शेवटचं ऐकून 'डाउन असावा' एवढं म्हणता येईल. तक्रारीत पडद्यावरची ओळ जशीच्या तशी उतरवावी, तिचं मराठी करू नये.

विचारणाऱ्याकडून

मग तक्रारीचा नमुना असा ठेवता येईल का: जागा, पॉइंटचा क्रमांक, दिवा आहे की नाही, पत्ता काय दिसतो, शेजारच्याचं चालतंय का, पडद्यावरची ओळ?

प्रतिसाद

चालेल, त्यात 'कधीपासून' घाला. आणि 'शेजारचं' ही नोंद सगळ्यात वर घ्या. एकाचंच गेलं असेल तर केबल आणि पॉइंट. एका मजल्याचं गेलं असेल तर त्या मजल्याचा स्विच. सगळ्यांचं गेलं असेल आणि स्विचवरचे सगळे दिवे एका तालात लुकलुकत असतील, तर कोणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं भिंतीवरच्या दोन पॉइंटांत खोचली आहेत का ते आधी बघावं. इथरनेटच्या (केबलच्या नेटवर्कच्या) फ्रेमला, म्हणजे पॅकेट वाहून नेणाऱ्या पाकिटाला, आयुष्याची मर्यादा नसते, ती लूपमध्ये, म्हणजे बंद वर्तुळात, फिरतच राहते. अशा वेळी 'नेट गेलं' असं लिहिण्यापेक्षा 'लूप झाला असावा' असं लिहावं, आणि शेवटी कोणती केबल लावली होती ते विचारावं.