परदेशातील खाजगी भाषाशाळांत शिकवताना : कामाचे तास, सुट्ट्या आणि भरपगारी रजा (अनुभव धागा)

जपान आणि दक्षिण कोरियातील खाजगी भाषाशाळांत शिकवणाऱ्या, किंवा पूर्वी शिकवलेल्या, मराठी मंडळींनी आपले अनुभव येथे लिहावेत. नोकरी घेण्यापूर्वी पगाराची चौकशी बहुतेक जण करतात. तास आणि रजा यांचा विचार मात्र करारावर सही झाल्यानंतर सुरू होतो, आणि तोवर बोलणी करण्याची वेळ निघून गेलेली असते. सुरुवात मीच करतो.

ओसाका परिसर
एइकाइवा, म्हणजे इंग्रजी संभाषणाच्या खाजगी शाळेत माझी वेळ दुपारी एक ते रात्री नऊ असे. दुपारी शाळकरी मुले येत आणि संध्याकाळनंतर नोकरदार. आठवड्याची सुट्टी रविवार-सोमवार. राष्ट्रीय सुट्ट्या आपोआप मिळतील असे समजू नका, कारण जपानचा कायदा खाजगी मालकावर साधारण आठवड्यातून एक सुट्टी देण्याचे बंधन घालतो, राष्ट्रीय सुट्टी देण्याचे नाही.

खरा घोळ असतो तो शाळा बंद असण्याचे दिवस आणि आपली भरपगारी रजा (तिकडे 'युक्यू' म्हणतात) यांच्यात. सलग सहा महिने नोकरी आणि ८० टक्के हजेरी झाली, की पूर्णवेळ शिक्षकाला १० दिवसांची युक्यू मिळते आणि साडेसहा वर्षांच्या नोकरीनंतर ती २० दिवसांवर जाते. आमच्या शाळेने ऑगस्टमधील ओबोनचा (पूर्वजांच्या स्मरणाचा जपानी सण) बंद या १० दिवसांतून वळता केला होता. असे करायचे तर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीशी लेखी करार लागतो आणि तरीही निदान पाच दिवस शिक्षकाच्या मर्जीवर सोडावे लागतात. आम्ही सहकाऱ्यांनी मिळून तो करार पाहायला मागितला. तसा करार झालेलाच नव्हता, त्यामुळे ते दिवस आमच्या खात्यावर परत आले. एकट्याने विचारले असते तर इतक्या लवकर उत्तर मिळाले नसते, असे मला वाटते.

टोकियो, निशी-कासाई
माझे यजमान आयटी कंपनीत आहेत आणि मी अवलंबित व्हिसावर आले. वेगळी परवानगी काढल्यावर या व्हिसावर आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. शाळा फक्त वर्गाची मिनिटे मोजत असे. दोन वर्गांमधल्या वेळेत मात्र चौकशीला आलेल्या पालकांशी बोलणे, वह्या तपासणे, खोली आवरणे ही कामे आमच्याकडेच होती. शाळेच्या सांगण्यावरून थांबलेला वेळ हा कामाचाच वेळ असतो. आमच्यासारख्यांना तर हा प्रश्न केवळ पैशांचा नाही, कारण मर्यादा ओलांडल्याचा परिणाम थेट व्हिसाच्या नूतनीकरणावर होऊ शकतो. मी रोजची येण्याजाण्याची वेळ स्वतः लिहून ठेवू लागले आणि तीच नोंद दाखवून वेळापत्रक बदलून घेतले.

अर्धवेळ शिक्षकांना रजा नसते, असेही मला सांगण्यात आले होते. ते खरे नाही. आठवड्यातून तीन दिवस काम करणाऱ्यालाही सहा महिन्यांनंतर पाच दिवसांची भरपगारी रजा मिळते. गौरी-गणपतीसाठी मी ती मागितली, तेव्हा बदली शिक्षक तुम्हीच शोधा, असे उत्तर आले. शाळेचे नेहमीचे काम खरोखरच अडत असेल तर मालक रजेची तारीख पुढेमागे करायला सांगू शकतो. पण रजा नाकारू शकत नाही, आणि बदलीची व्यवस्था ही त्याचीच जबाबदारी आहे.

नागोया
करारात आठवड्याचे तास साडेएकोणतीस लिहिलेले दिसले, तर थांबून विचारा. पूर्णवेळ ४० तासांचे तीन चतुर्थांश म्हणजे ३० तास, आणि तेथे आरोग्य व निवृत्तिवेतन विम्याची सक्ती सुरू होते. ऑक्टोबर २०२४ पासून ५० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांत ही रेषा २० तासांवर आली आहे; छोट्या शाळांत मात्र जुनाच हिशेब चालतो.

बुसान, दक्षिण कोरिया
मी कॅनडाची नागरिक आहे, घर मूळचे कोल्हापूरचे. येथे शिकवणाऱ्यांचा ई-२ व्हिसा साधारणतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांनाच मिळतो. हागवॉनमध्ये, म्हणजे खाजगी शिकवणीवर्गात, पहिला प्रश्न कर्मचाऱ्यांच्या संख्येचा विचारावा. पाचपेक्षा कमी माणसे असतील तर वार्षिक रजेचा कायदा लागूच होत नाही आणि करारात लिहिले असेल तेवढेच मिळते. माझ्या करारात दहा दिवस होते, त्यांपैकी पाच शाळा ठरवत असे. आजारपणाची भरपगारी रजा नव्हती, त्यामुळे आवाज बसलेला असतानाही मी लहान मुलांचे वर्ग घेतले. त्या आठवड्याचे मला अजून वाईट वाटते, कारण त्यात मुलांचेही नुकसान झाले. वर्ष पूर्ण झाल्यावर सुमारे ३० दिवसांच्या पगाराइतकी रक्कम मिळते. म्हणून अकरा महिन्यांचा करार पुढे आला तर त्यामागचे कारण विचारून घ्यावे.

फुकुओका
माझा करार दर वर्षी नव्याने होतो. मग उरलेली युक्यू बुडते का, आणि सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात का?

ओसाका परिसर
दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. खंड न पडता करार पुढे चालू राहिला तर नोकरी सलग धरली जाते आणि रजा मिळाल्यापासून दोन वर्षांपर्यंत वापरता येते. शाळेने वेगळे सांगितल्यास ते लेखी मागा आणि कामगार निरीक्षण कार्यालयात जाऊन दाखवा. ओसाकात १९९१ पासून जनरल युनियन ही संघटना परदेशी शिक्षकांसाठी काम करत आहे, तेथेही विचारता येईल.