बाईचं गाणं पुरुषाने गाताना शब्द बदलावेत का?

स्वरवेडा
परवा जुन्या भावगीतांच्या कार्यक्रमात एका गायकाने 'मी मज हरपून बसले गं'चं 'बसलो रे' केलं. टाळ्याही पडल्या. मला हे अजिबात पटलं नाही. सुरेश भटांनी 'बसले'ला 'लुटले', 'टिपले', 'थरथरले' जुळवलेत. एक शब्द हलवला की यमक गेलं, आणि 'मजला लुटलो' तर म्हणता येत नाही! 1955-56 साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायणातली सीता माणिक वर्मांनी गायली, कौसल्या ललिता फडक्यांनी. पुढे कार्यक्रमांत बाबूजी, म्हणजे संगीतकार सुधीर फडके, एकटेच सगळी पात्रं गायचे. 'मज सांग लक्ष्मणा' ऐकताना कुणाला पुरुषाचा आवाज खटकला?

माजघर
गीतरामायण इथे लागू नाही. ती कथा आहे. कीर्तनकार सीताही होतो नि रावणही. भावगीतातला 'मी' मात्र लोक गाणाऱ्याचाच धरतात. झब्बा घातलेला माणूस 'थरथरले गं' म्हणाला की मागच्या रांगांत खसखस पिकते, मग गाणं संपलंच. शब्द बदलू नयेत हे मान्य. पण मग ती गाणी घेऊच नयेत. गजानन वाटवे, अरुण दाते यांची इतकी गाणी आहेत, ती गा ना!

नाट्यपद
'घनु वाजे घुणघुणा' ही ज्ञानेश्वरांची विराणी. लिहिणारा पुरुष, बोलणारी विरहिणी. ती पुरुषांनी गायचीच नाही का? आणि 1911च्या 'मानापमान' या संगीत नाटकात नायिका भामिनी कोण होतं? बालगंधर्व.

माजघर
ते शालू नेसून, भामिनी होऊन उभे राहत. फरक आहे.

नाट्यपद
तबकडीवर शालू कुठे दिसतो? तरी घराघरांत ती पदं वाजलीच.

पेटीवाला
मी साथीला बसतो, म्हणून सांगतो. शब्दांपेक्षा पट्टीने, म्हणजे 'सा' किती उंच धरला त्याने, जास्त घात होतो. बायका साधारण पेटीच्या काळी चार-पाचला गातात, पुरुष काळी एक-दोनला. पेटीवर पट्टी बदलणं सोपं. पण हल्ली कराओके ट्रॅक लावतात, तो मूळच्याच पट्टीत असतो. दोन सूर उतरवला तरी पुरुषाला चढाच पडतो. मग अंतऱ्यात आवाज चोरून गातात. लोक हसतात ते त्याला, 'गं'ला नव्हे.

स्वरवेडा
पेटीवाले, अगदी बरोबर. आणि माजघर, एक सांगा. 'मानापमान'चा नायक धैर्यधर, त्याची पदं बायका मैफलीत सर्रास गातात. 'रवि मी' बाईने गायलं तर कुणी हसत नाही, उलट वन्समोअर घेतात. मग पुरुषाने बाईचं दुःख गायलं तरच हसू का येतं? ही खोट श्रोत्यांच्या कानात आहे. तिच्यासाठी भटांचे शब्द का मोडायचे?

माजघर
नाट्यपद तानांवर ऐकलं जातं, भावगीत शब्दांवर. तुलनाच चुकतेय. तरी पेटीवाल्यांना विचारते: योग्य पट्टीत, शब्द न बदलता कुणा पुरुषाने आशा भोसल्यांचं 'जिवलगा' गायलंय का? असेल तर ऐकायची माझी तयारी आहे.