चौदा वर्षांनी माजी विद्यार्थ्यांच्या गटाचं काम सोडतेय. यादी देता येईल, बाकीचं कसं द्यायचं?

प्रभात_रोड

नमस्कार. एडिनबरा विद्यापीठात शिकून आलेल्यांचा पुण्यातला गट मी २०११ पासून सांभाळतेय. दिवाळीनंतर थांबायचं ठरवलंय. कुणाशी वाद नाही, तब्येतही बरी आहे. आईला ८९ वर्षं झाली, तिच्याजवळ बसायला मला संध्याकाळ मोकळी हवी आहे.

सुरुवात 'वैशाली'त झाली, एका टेबलाभोवती सात जण. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, ब्रिटनने शिक्षणानंतर दोन वर्षं राहू देणारा व्हिसा बंद केला. मग बरीच वर्षं जाणाऱ्या मुलांची ऑगस्टमधली बैठक माझ्या दिवाणखान्यातच व्हायची, पाच-सहा मुलं आणि त्यांचे आईवडील. जुलै २०२१ मध्ये शिक्षणानंतर राहू देणारा नवा व्हिसा, ग्रॅज्युएट रूट, सुरू झाला आणि त्यानंतर मला कर्वे रस्त्यावर हॉल घ्यावा लागला.

कोर्सबद्दल मला कुणी फारसं विचारत नाही. विचारतात ते डिसेंबरात पावणेचारलाच अंधार पडतो तेव्हा काय करायचं. मी सांगते, काहीही झालं तरी बाराला बाहेर पडा, विद्यापीठाजवळच्या मेडोज मैदानाला एक फेरी मारा, मग लायब्ररीत जा. आईवडिलांचे प्रश्न पैशांचे. व्हिसासाठी खात्यातली शिल्लक सलग २८ दिवस ठरलेल्या रकमेच्या खाली जाता कामा नये. एका वडिलांनी सव्विसाव्या दिवशी गाडीसाठी पैसे काढले आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं मोफत मिळतात, पण आधी जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरकडे, नाव नोंदवावं लागतं. हे दरवर्षी घसा फोडून सांगते, आणि निम्मी मुलं ताप आल्यावरच नोंदवायला जातात.

हे सगळं लिहून देता येईल. मार्च २०२० चं मात्र कसं लिहायचं ते कळत नाही. २२ तारखेपासून इकडे येणारी विमानं थांबली आणि एडिनबऱ्यातल्या मार्चमाँट भागातल्या एका फ्लॅटमध्ये आपली चार मुलं अडकली. त्यातल्या एका मुलीची आई कोथरूडची. रोज रात्री साडेदहाला तिचा फोन. नवीन काहीच नसायचं. मुलगी आज काय शिजवलं त्याचे फोटो मला पाठवायची, कारण आईला पाठवले की आई रडायची. मग मीच आईला सांगायचे, आज मुगाची खिचडी झाली, आज पोळ्या जमल्या. मे महिन्यात वंदे भारतची विमानं सुरू झाली, मुलगी जूनमध्ये घरी आली. त्या आईचा साडेदहाचा फोन अजूनही कधीतरी येतो.

तर दोन प्रश्न. हे दुसऱ्याच्या हाती कसं द्यायचं? आणि मी ग्रुपवर राहावं की बाहेर पडावं?

कोथरूड_सचिव

ताई, मी सोसायटीचं सचिवपद सोळा वर्षांनी सोडलं. चाव्या दिल्या, पण कपाटाची एक जास्तीची चावी घरी ठेवली, 'असू दे' म्हणून. सहा महिने नवा सचिव प्रत्येक कागदासाठी माझ्या दारात उभा असायचा. चूक माझीच होती, त्याला कपाट स्वतः लावायची संधीच मी दिली नाही. माझं मत, वर्षभर तरी ग्रुपमधून बाहेर पडा.

आणि आजच एक बघा. गटाच्या ईमेलचा रिकव्हरी नंबर कुणाचा आहे? वर्गणी तुमच्या स्वतःच्या जीपेवर येते का? लोकांचं घोडं तिथेच अडतं.

मार्चमाँट_ते_बाणेर

ताई, मी २०२२ च्या बॅचचा. तुमच्या हॉलमधल्या बैठकीला शेवटच्या रांगेत होतो. मेडोजची बाराची फेरी मी खरंच रोज मारली. पहिला जानेवारी त्याच्यावर निघाला.

मनापासून एक सांगतो, राग मानू नका. ग्रुपवर प्रश्न पडला की चार मिनिटांत तुमचं उत्तर येतं. कितीदा मला उत्तर माहीत असायचं. बावीस वर्षांखालच्यांना तिथे बस फुकट आहे, त्याचं कार्ड कसं काढायचं हे मी स्वतः केलंय. पण मी लिहीपर्यंत तुमचं येऊन गेलेलं असायचं, म्हणून लिहिणं सोडलं. माझ्यासारखे अजून असतील.

बाहेर पडू नका. फक्त दोन दिवस थांबून उत्तर द्या. काम मी एकटा घेणार नाही, तिघं मिळून घेतो. गटासाठी वेगळं सिमकार्ड घेऊ, महिन्याला एकाकडे फोन.

नारायण_पेठ_वकील

पासपोर्ट आणि बँकेच्या कागदांच्या प्रती तुमच्या ड्राइव्हमध्ये साठल्या असतील. मुलं पोहोचली, आता त्या कुणालाच देऊ नका, काढून टाका. तिथलं विद्यापीठही आपल्याला याद्या देत नसेल, त्यामागे लोकांची खासगी माहिती जपणं हेच कारण असेल. नावं-नंबर पुढे देण्याआधी प्रत्येकाला एकदा विचारा.

प्रभात_रोड

सगळ्यांचे आभार. सचिवसाहेब, रिकव्हरी नंबर माझाच निघाला, जीपेही माझंच. दोन्ही या आठवड्यात बदलते. वकीलसाहेब, प्रती कालच काढायला घेतल्या. २०१४ पर्यंत झाल्या आहेत.

बाणेरकर, चार मिनिटांचं वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मदत म्हणून करत होते रे, तुम्हा मुलांचं तोंड बंद होतंय हे कधी ध्यानातच आलं नाही. सिमकार्ड घ्या. ग्रुपवर राहते, पण दोन दिवस थांबेन, हा शब्द देते. कोथरूडच्या आईंना नवा नंबर कळवणार नाही, त्या माझ्याकडेच राहू देत.

शनिवारी सकाळी आठला 'वैशाली'त या, तिघंही. यादी छापूनच आणते, कारण नावांपुढे पेन्सिलीने लिहिलेलं बरंच आहे आणि ते मला तोंडी सांगावं लागेल.