म्हणे तेल नदीत विरघळतं!

गंगावेस_कट्टा: सकाळपासून गल्लीच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय: ‘वाहत्या नदीत सांडलेलं तेल दोन दिवसांत विरघळतं, उगाच बोंब नको.’ अरे, तांबड्या रश्श्यावरचा कट कधी विरघळलेला बघितलाय? लिटरभर पाण्यात डिझेल जेमतेम काही मिलिग्रॅम विरघळतं. बाकीचं पसरतं, थोडं उडतं, उरलेलं गाळाला चिकटून तळाशी बसतं.

उद्यमनगर_मिस्त्री: रश्श्यावरून शास्त्र शिकवू नका. तीस वर्षं डिझेल पंप खोलतोय. सांडलेलं पेट्रोल चहा येईस्तोवर गायब होतं.

गंगावेस_कट्टा: पेट्रोल उडतं, कबूल. जळकं ऑइल उडतं का? आणि पेट्रोलमधलं बेंझिन लिटरभर पाण्यात पावणेदोन ग्रॅमपर्यंत विरघळू शकतं. म्हणजे विरघळतंय तेच जास्त विषारी!

शिरोळची_सून: तुमच्याकडनं ‘वाहून गेलं’ म्हणजे आमच्या दारात आलं. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या भिंतीवर काळी तेलकट पट्टी राहिली. दोनदा चुना मारला, तरी उमटतेच. रविवारी घाटावर गाड्या धुणाऱ्यांना आधी आवरा.

पैलवान_बावडा: गाड्यांना बोला, म्हशींना नको.

शिरोळची_सून: म्हशीचं नाव कुणी काढलं?

पैलवान_बावडा: दरवेळी तिथंच येता. आजोबांपासून आमची जनावरं नदीवर जातात. म्हैस ऑइल गळत नाही.

उद्यमनगर_मिस्त्री: शेण टाकते की!

पैलवान_बावडा: आणि दूध कोण पितं? सकाळी कट्ट्यावर धारोष्ण प्यायला रांगेत पहिला तूच असतोस मर्दा. तोंड सांभाळून.

गंगावेस_कट्टा: म्हशी बांधा बाजूला. २०१० ला अमेरिकेत कॅलामझू नदीत पाइपलाइन फुटली. जड तेल तळाला बसलं, गाळ उपसायला २०१४ उजाडलं. आपल्याकडं तर उन्हाळ्यात बंधाऱ्यामागं पाणी हलतच नाही. तेल खाणारे जिवाणू असतात, पण त्यांना प्राणवायू लागतो. तो केंदाळाखाली, म्हणजे जलपर्णीखाली, कुठला?

उद्यमनगर_मिस्त्री: आलं केंदाळ! पण डबक्यावरचा प्रत्येक इंद्रधनुषी तवंग तेलाचा नसतो, एवढं तरी माना. काडी फिरवून बघा. काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर तो लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचा. परत जुळून आला तर तेल.

गंगावेस_कट्टा: हे मात्र खरं. काल घाटाच्या शेवटच्या पायरीशी काडी फिरवली होती. लगेच जुळला.

उद्यमनगर_मिस्त्री: बरं बाबा, विरघळत नाही. खूश? आता तो मेसेज टाकणाऱ्या माझ्या मेहुण्याला तूच सांग.